खूण एकाची, नेम सगळ्यांचा

तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीत येते, तेव्हा दोन गोष्टी पाहायला आसपासच्या गावांतून माणसे लोटतात. एक, परीट समाजाने अंथरलेल्या धोतरांच्या पायघड्या. आणि दुसरी, मेंढ्यांचे रिंगण. पुढची चार जनावरे वळतात, त्यांच्यामागे सारा कळप वळतो आणि बघता बघता रथाभोवती लोकरीचे एक कडे फिरू लागते. कोणी हुकूम देत नाही, कोणाच्या हातात नकाशा नसतो, तरीही कडे मोडत नाही.

अशाच एका वर्षी रिंगण पाहून आम्ही गावातल्या स्नेह्यांच्या ओसरीवर टेकलो होतो. तिथे आठवी-नववीतली चार मुले भिंतीला पाठ लावून, चार मोबाइल घेऊन बसली होती. चौघे मिळून एकच खेळ खेळत होते आणि एकमेकांवर खेकसत होते.

"आरं, झाडामागं हाय त्यो!"

"कुठल्या झाडामागं?"

"त्या मोठ्या!"

"हितं समदीच मोठी हायती. मार्क कर की!"

एकाने पडद्यावर बोट टेकवले. चारही पडद्यांवर त्याच जागी एक रंगीत खूण उमटली, शेजारी मीटरमध्ये अंतर आले. आरडाओरडा क्षणात थांबला आणि चौघांच्या बंदुका एकाच झाडाकडे वळल्या. रिंगणाइतकेच नवल आम्हांला याचेही वाटले. मेंढ्यांचे मार्गदर्शन शेजारची मेंढी करते, इथे ते काम एका ठिपक्याने केले होते.

मोबाइलवरच्या खेळांविषयी शिक्षकांच्या खोलीत चर्चा निघाली की ती दोन मुद्द्यांवर येऊन थांबते. मुले किती तास खेळतात, आणि खेळात किती मारामारी आहे. दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत. पण त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसऱ्या बाजूने एक दावा वारंवार ऐकू येतो, तो असा की हे खेळ मुलांना सहकार्य शिकवतात. या दाव्याचा आता विचार करायलाच हवा. २०१८ साली आलेला 'पब्जी मोबाइल' सप्टेंबर २०२० मध्ये आपल्याकडे बंद झाला, २०२१ मध्ये 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने परतला, २०२२ मध्ये पुन्हा काढला गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. तेव्हा 'हा सांघिक खेळ आहे, यातून संघभावना येते' हे वाक्य शाळेच्या दारात आज ना उद्या येणारच.

म्हणून आम्ही ठरवले, की संपूर्ण खेळाचा निवाडा करायचा नाही. प्रयोगशाळेत नवे उपकरण आले की ते काय मोजते, कुठे चुकते हे आपण तपासतो. तसे या एका उपकरणाचे, म्हणजे नेम दाखवणाऱ्या खुणेचे, परीक्षण करायचे.

चार विरुद्ध चार

आधी हे पाहू, की अशी खूण मुळात का लागते. समजा, इकडे चार आणि तिकडे चार गडी आहेत. प्रत्येकाजवळ ४ गुण आहेत. प्रत्येक फेरीत प्रत्येक गडी समोरच्या कोणा एकाचा १ गुण कमी करतो. गुण संपले की गडी बाद. दोन्ही बाजू एकाच वेळी वार करतात.

दोन्ही बाजूंनी 'ज्याने त्याने आपापल्या समोरचा पाहावा' असे ठरवले, तर चौथ्या फेरीअखेर आठही जण एकदम बाद होतात. आता आमच्या चौघांनी ठरवले, की सगळ्यांनी मिळून आधी एकालाच गाठायचे. पहिल्या फेरीत समोरचा एक जण बाद होतो, दुसऱ्या फेरीत दुसरा, असे चार फेऱ्यांत चारही. शत्रूचे वार मात्र पहिल्या फेरीत ४, दुसरीत ३, तिसरीत २ आणि चौथीत १, म्हणजे एकूण १० होतात. आधीच्या पद्धतीत हेच वार १६ झाले असते. हे १० वार आमच्या चौघांत वाटले गेले तर कोणाच्याही वाट्याला तीनपेक्षा जास्त येत नाहीत. म्हणजे आमचे चारही गडी शाबूत आणि समोरचे चारही बाद! ताकद सारखी, शस्त्रे सारखी, फरक फक्त एकमताचा.

गडी 'न' असतील आणि प्रत्येकाजवळ गुणही 'न' असतील, तर विखुरलेल्या पद्धतीत न × न वार सोसावे लागतात, एकवटलेल्या पद्धतीत न × (न + १) ÷ २. दहा गड्यांसाठी १०० आणि ५५. गट जितका मोठा, तितके हे प्रमाण निम्म्याच्या जवळ जाते. शिक्षकांनी ओळखले असेलच, की ही पहिल्या 'न' नैसर्गिक संख्यांची बेरीज आहे. मारा एकवटण्याच्या फायद्याचे गणित फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने १९१६ साली विमानयुद्धावरील पुस्तकात मांडले होते. काटेवाडीच्या ओसरीवरच्या मुलांनी लँचेस्टरचे नाव ऐकलेले नव्हते. पण 'मार्क कर की' या तीन शब्दांत त्यांनी त्याचेच गणित मागितले होते.

या फायद्याला एक मर्यादाही आहे. चाळीस गडी एकाच शत्रूवर तुटून पडले आणि त्याच्याजवळ गुण चारच असले, तर छत्तीस वार वाया गेले. म्हणजे गट मोठा झाला की एक खूण पुरत नाही. अनेक खुणा लागतात, आणि त्यांचा क्रमही ठरवावा लागतो.

सव्वीस प्रश्न

खुणेचा दुसरा गुण तिच्या काटकसरीत आहे. पब्जीतला एक प्रसिद्ध नकाशा ८ किलोमीटर लांब आणि ८ किलोमीटर रुंद आहे. त्यावर एक मीटरपर्यंत अचूक जागा सांगायची, तर ८००० × ८०००, म्हणजे ६ कोटी ४० लाख जागांतून एक निवडायची. 'पूर्वेच्या अर्ध्या भागात आहे का?' 'उत्तरेच्या अर्ध्या भागात आहे का?' असे होय-नाहीचे प्रश्न विचारत, दर वेळी उरलेला भाग अर्धा करत गेलो, तर २६ प्रश्नांत ती जागा सापडते. कारण २ चा सव्विसावा घात ६ कोटी ७१ लाखांच्या वर जातो. संगणकाच्या भाषेत ही २६ बिटांची माहिती झाली. प्रत्यक्ष संदेशाला कोणी पाठवला, केव्हा पाठवला अशी थोडी जोड लागते, इतकेच.

'आरं, त्या मोठ्या झाडामागं' हे बोलायला सुमारे दोन सेकंद लागतात. दूरध्वनीच्या नेहमीच्या अंकीय पद्धतीत आवाजासाठी दर सेकंदाला ६४,००० बिटे लागतात, म्हणजे दोन सेकंदांना १ लाख २८ हजार. आजचे तंत्र आवाज दाबून बराच लहान करते. तरी खुणेच्या मानाने तो कितीतरी पट मोठाच राहतो. आणि इतके करून झाड सापडत नाही ते नाहीच! गावात रेंज कमी असली तरी खूण पोहोचते, बोलणे तुटते. मराठी न कळणाऱ्या सोबत्यालाही खूण कळते. ऐकू न येणाऱ्या मुलाला चौघांत बरोबरीने खेळता येते. खुणेच्या बाजूने हा मुद्दा आम्ही सर्वांत मोठा मानतो.

दवंडी आणि कुजबूज

तिसरा गुण सहजासहजी लक्षात येत नाही. समजा, उद्या सहल आहे हे गुरुजींनी वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या कानात वेगवेगळे सांगितले. सहलीची बातमी सर्वांना कळली; पण ती इतरांना कळली आहे, हे कोणालाच माहीत नाही. हेच गुरुजींनी वर्गासमोर मोठ्याने सांगितले, तर बातमी प्रत्येकाला कळते, ती इतरांना कळली हे प्रत्येकाला कळते, आणि 'मला कळले आहे हे इतरांना माहीत आहे' हेही कळते. पूर्वी गावात दवंडी पिटत, तिचे सामर्थ्य यातच होते. तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी १९६९ मध्ये आणि गणिती रॉबर्ट ऑमन यांनी १९७६ मध्ये या प्रकारच्या ज्ञानाचा काटेकोर विचार केला. आपण त्याला सामाईक ज्ञान म्हणू.

सामाईक ज्ञान नसताना माणसे काय करतात? अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९६० च्या आपल्या पुस्तकात एक गमतीचा प्रश्न दिला आहे. न्यूयॉर्कमध्ये अमुक दिवशी कोणाला तरी भेटायचे आहे, पण जागा ठरलेली नाही. तुम्ही कुठे जाल? पुष्कळांनी एकाच मोठ्या रेल्वे स्थानकाचे नाव सांगितले. हाच प्रश्न बारामतीविषयी विचारला तर बहुतेक जण एस.टी. स्टँडवर जाऊन उभे राहतील. नजरेत भरणारी जागा हीच ठरलेली जागा होऊन बसते. खेळातली खूण हेच करते. शंभर सारख्या झाडांपैकी एका झाडाला ती एस.टी. स्टँड बनवते. तेही चौघांच्या पडद्यांवर एकाच वेळी, म्हणजे दवंडी पिटूनच.

कवटी, फुली आणि चंद्र

खुणांच्या या भाषेचा सर्वांत चांगला नमुना 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या २००४ साली निघालेल्या खेळात पाहायला मिळतो. त्यात सुरुवातीला चाळीस-चाळीस खेळाडू एकत्र येऊन एखाद्या अवघड मोहिमेवर जात. नेम एकवटण्याची त्यांची पहिली रीत मेंढ्यांसारखीच होती. एक मुख्य गडी नेमायचा आणि तो ज्याच्यावर वार करील त्याच्यावरच बाकीच्यांनी करायचा. २००६ मध्ये खेळात आठ खुणा आल्या. तारा, वर्तुळ, हिरा, त्रिकोण, चंद्र, चौकोन, फुली आणि कवटी. गटप्रमुख त्या शत्रूंच्या डोक्यांवर ठेवतो आणि सगळ्यांना दिसतात.

या आठ खुणांची रचना निर्दोष आहे. प्रत्येकीचा आकार वेगळा आणि रंगही वेगळा. पिवळा तारा, हिरवा त्रिकोण, निळा चौकोन, लाल फुली, पांढरी कवटी. दृष्टीच्या मानसशास्त्रात ॲन ट्राइझमन आणि गॅरी जेलेड यांनी १९८० मध्ये दाखवले, की रंगासारख्या एकाच ठळक गुणाने वेगळी असलेली वस्तू गर्दीतून आपोआप उठून दिसते. पण दोन गुणांचा मेळ जुळवून शोधायची झाली तर डोळ्यांना एकेक वस्तू तपासत जावे लागते. या खुणांत रंग पुरेसा आहे आणि आकारही पुरेसा आहे. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्या खेळाडूलाही फुली आणि त्रिकोण यांत गोंधळ होत नाही. फळ्यावर लाल आणि हिरव्या खडूने आकृती काढणाऱ्या आम्हां मंडळींनी हा धडा घ्यावा.

आणखी एक गोष्ट आम्हांला फार आवडली. या खुणांचा अर्थ खेळ बनवणाऱ्यांनी लिहून दिला नव्हता. कवटी म्हणजे आधी, फुली म्हणजे तिच्यामागून, हा संकेत खेळाडूंनी वापरता वापरता पाडला. या खेळात एका जादूने शत्रूची काही काळ मेंढी करून ठेवता येते. ज्याची मेंढी करायची त्याच्यावर चंद्र ठेवायचा, असाही संकेत रुळला. भाषा अशीच घडते. कोणी तरी वापरते, दुसऱ्याला कळते, तिसरा उचलतो, आणि थोड्याच काळात ते 'असेच असते' असे होऊन बसते.

येथवर आम्ही खुणेची बाजू मांडली. तिची गुणवत्ता मान्य केल्याशिवाय तिचे दोष सांगण्यात अर्थ नाही.

खुणेत जे मावत नाही

पहिला दोष एखाद्या संशोधकाच्या लगेच डोळ्यांत भरेल असा आहे. कोणतेही मोजमाप त्याच्या त्रुटीसह सांगायचे, असे आपण अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवतो. ओसरीवरचा मुलगा तोंडाने बोलत होता तेव्हा त्याच्या बोलण्यात 'बहुतेक', 'वाटतंय', 'मघाशी दिसला व्हता' असे शब्द येत होते. ते शब्द म्हणजेच त्याच्या मोजमापातली त्रुटी होती. खुणेत यातले काहीच उरत नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठेवलेली खूण आणि अंदाजाने ठेवलेली खूण पडद्यावर सारखीच ठाम दिसतात. दोन्हींच्या शेजारी अंतरही मीटरमध्येच येते. सव्वीस बिटांची काटकसर आपण मघाशी वाखाणली. तिची किंमत अशी, की 'बहुतेक' हा शब्द त्यात बसत नाही.

दुसरा दोष, खूण 'कुठे' सांगते, 'का' सांगत नाही. आधी कवटी का? त्याच्यापासून धोका जास्त म्हणून, की तो सर्वांत दुबळा म्हणून? गटप्रमुखाला ते माहीत असेल. बाकी एकोणचाळीस जणांना ते माहीत असण्याची गरजच उरत नाही. मोठ्या गटात खूण ठेवण्याचा अधिकारही प्रमुख आणि त्याचे मदतनीस यांनाच असतो. मेंढ्यांचे कळप याबाबतीत पुढे असावेत! फ्रान्समधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये मेंढ्यांच्या लहान गटांच्या हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध केला. गट चालायला लागला की एक मेंढी पुढारी होते आणि बाकीच्या तिच्यामागे जातात. पण गट थांबून पुन्हा निघाला की पुढारी बदललेली असू शकते. खेळातल्या गटात पुढारी सहसा बदलत नाही.

तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे. खुणेला 'नाही' म्हणता येत नाही. पटले नाही तर ती न पाळणे एवढेच हातात राहते, आणि तसे करणारा गटाचे नुकसान करतो. लँचेस्टरचे गणित येथे उलट फिरते. खूण चुकीच्या ठिकाणी असली, तरी सगळ्यांनी मिळून चुकणे हे प्रत्येकाने वेगवेगळे बरोबर असण्यापेक्षा फायद्याचे ठरू शकते. असे वातावरण मुलांना रोज दोन तास मिळाले तर ती काय शिकतील?

याचा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे, आणि तो खेळात नव्हे. आम्ही नव्याने संशोधनाला लागलो तेव्हा गटातल्या एका ज्येष्ठांनी एका आलेखावरच्या छोट्या उंचवट्याभोवती लाल पेन्सिलीने गोल केला. 'येथे काही तरी आहे,' एवढेच ते म्हणाले. त्यानंतर कित्येक महिने आम्ही सगळे त्या उंचवट्याच्या मागे होतो. तो उपकरणातल्या बिघाडामुळे आला असावा, अशी शंका आमच्यापैकी दोघांना पहिल्याच आठवड्यात आली होती, हे नंतर चहा पिताना कळले. दोघेही गप्प बसले होते, कारण दुसऱ्याला खात्री आहे असे प्रत्येकाला वाटले. शंका खरी निघाली. ज्येष्ठांची चूक आम्ही मानत नाही. त्यांनी खूण केली होती, आज्ञा नव्हे. त्या खुणेला उत्तर द्यायची रीत आमच्या गटात नव्हती, ही चूक सगळ्यांची.

गटाच्या शहाणपणाविषयी फ्रान्सिस गॉल्टन यांचे १९०७ मधले निरीक्षण शिक्षकांना ठाऊक असेल. एका जत्रेत बैलाचे वजन ओळखण्याची पैज लागली होती. ७८७ लोकांच्या अंदाजांतला मधला अंदाज १२०७ पौंड निघाला आणि खरे वजन होते ११९८ पौंड. म्हणजे चूक एक टक्क्याहूनही कमी. हे घडले, कारण प्रत्येकाने आपला अंदाज चिठ्ठीवर वेगळा लिहिला होता. २०११ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी १४४ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. इतरांचे अंदाज दिसू लागले की विद्यार्थ्यांचे अंदाज एकमेकांच्या जवळ सरकत. पण गटाचे उत्तर त्यामुळे सुधारत नसे. उलट स्वतःविषयीचा विश्वास मात्र वाढे. एकमत होणे आणि बरोबर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खूण पहिली गोष्ट चटकन घडवते, दुसरीची हमी देत नाही.

ज्याच्यावर खूण पडते त्याचाही विचार करू. लँडो आणि टरबर्ग यांनी १९८६ मध्ये माशांवर प्रयोग केले. शिकारी माशाला एकटा-दुकटा छोटा मासा लगेच सापडे. थवा आठांचा झाला की तो गोंधळून जाई. त्या आठांतले एक-दोन मासे निळ्या रंगाने रंगवले, की शिकाऱ्याचे फावे. आणि तोटा केवळ निळ्या माशांचाच नव्हे, तर साध्या माशांचाही झाला. वेगळेपणाची खूण हल्ल्याला वाट करून देते. खेळात कवटी रंगवलेल्या शत्रूवर पडते, त्याचे काही बिघडत नाही. पण 'आधी सगळ्यांनी मिळून एकालाच' ही रीत वर्गातल्या एखाद्या मुलावर चालते तेव्हा तिला आपण दुसरे नाव देतो. 'लीग ऑफ लेजंड्स' या खेळात शत्रू दिसेनासा झाला हे कळवायला प्रश्नचिन्हाची खूण आहे. खेळाडू तीच खूण चूक करणाऱ्या आपल्याच सोबत्यावर उठवू लागले. 'हा बघा, याला काय झालंय?' असा तिचा नवा अर्थ झाला. कवटी-फुलीचा क्रम ज्या सर्जनशीलतेने ठरवला, तीच येथे टोचणी बनली.

चोपदाराचा दंड

हे दोष खुणेच्या स्वभावातच आहेत का? आम्हांला तसे वाटत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या 'एपेक्स लेजंड्स' या खेळात केलेल्या खुणेला सोबती उत्तर देऊ शकतात, आपणही आपली खूण सुचवू शकतात. जो न बोलता खेळतो त्यालाही संवादात भाग घेता येतो. एकतर्फी खूण आणि उत्तर घेणारी खूण यांत मोठे अंतर आहे, आणि खेळाची निवड करताना पालक-शिक्षकांनी वयाच्या शिफारशीबरोबर हेही पाहावे.

पण याहून चांगली योजना पालखी सोहळ्यातच आहे. हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या सोहळ्याला शिस्त लावली. दिंड्यांना क्रमांक, काही रथापुढे, काही रथामागे. हजारोंच्या गर्दीत प्रत्येक वारकऱ्याला आपली जागा कळते. मुक्कामाच्या ठिकाणी समाज आरतीपूर्वी सगळ्या दिंड्या टाळ-मृदंगाच्या गजरात उभ्या असतात. चोपदार आपला दंड उंच करतो आणि गजर थांबतो. एक दंड, एक खूण, आणि हजारो माणसे स्तब्ध. येथवर ते खेळासारखेच झाले. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर तिने टाळ वाजवणे थांबवायचे नाही. बाकी सगळीकडे शांतता आणि एकाच दिंडीचे टाळ वाजत आहेत, म्हणजे त्या दिंडीचे म्हणणे आहे हे सगळ्यांना एकदम कळते. मग तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते आणि पुढे आरती होते.

यातली शास्त्रीय मेख पाहा. दंड उंचावल्याने 'आता थांबायचे' हे सामाईक ज्ञान झाले. टाळ चालू ठेवल्याने 'आम्हांला पटलेले नाही' हेही सामाईक ज्ञान झाले. विरोधाची खूण ही होकाराच्या खुणेइतकीच ठळक आहे, आणि ती वापरणारा शिस्त मोडत नसून शिस्तच पाळत आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या आठ खुणांत अशी नववी खूण नाही. आमच्या प्रयोगशाळेतही ती नव्हती. आमच्या वर्गांत ती आहे का, हे प्रत्येकाने आपल्याशी तपासावे. हात वर करणे म्हणजे 'मला उत्तर येते' अशी खूण आपल्याकडे आहे. 'मला हे पटले नाही' यासाठी कोणती आहे?

तेव्हा आमचा निष्कर्ष असा. नेमाची खूण हे समन्वयाचे उत्तम साधन आहे. समन्वय म्हणजे ठरलेले काम एकदम करणे. सहकार्य म्हणजे काय करायचे ते मिळून ठरवणे. खेळ पहिली गोष्ट शिकवतात आणि चांगली शिकवतात. दुसरीचे श्रेय त्यांना देणे घाईचे आहे. ती शिकवायची जबाबदारी अजून शाळेचीच आहे.

वर्गात करून पाहा

मोबाइलची गरज नाही. पुढचे तीन प्रयोग एका तासात बसतात.

पहिला: चार-चार मुलांचे दोन गट करा. प्रत्येकाला चार चिंचोके द्या. दर फेरीला दोन्ही गटांनी एकदम, प्रत्येक मुलाने समोरच्या कोणाचा तरी एक चिंचोका काढायचा. एकदा बोलणे आणि खुणा दोन्ही बंद ठेवून खेळा. मग एका गटाला गुपचूप एक खूण ठरवू द्या. किती चिंचोके उरले ते फळ्यावर मांडा आणि १६ व १० हे आकडे मुलांकडूनच काढून घ्या.

दुसरा: बाटलीत मोजून ज्वारीचे दाणे भरा. अर्ध्या वर्गाने आपला अंदाज चिठ्ठीवर लिहून द्यावा. उरलेल्या अर्ध्या वर्गासाठी पहिल्या मुलाचा अंदाज फळ्यावर मोठ्या आकड्यांत लिहा आणि मग बाकीच्यांना एकेक करून मोठ्याने सांगू द्या. दोन्ही गटांचे अंदाज चढत्या क्रमाने लावा. मधला अंदाज कोणाचा जवळ आला, आणि कोणत्या गटाचे अंदाज जास्त एकवटले, हे पाहा. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत, हे मुलांच्या लक्षात आणून द्या.

तिसरा: शाळेच्या परिसराचा नकाशा काढा. एक शब्दही न वापरता, लपवलेल्या वस्तूकडे गटाला नेण्यासाठी मुलांना स्वतःच्या खुणा ठरवू द्या. अट एवढीच, की त्यांत 'माझी खात्री नाही' आणि 'मला पटत नाही' यांसाठी एकेक खूण असलीच पाहिजे. या दोन खुणा मुले कशा काढतात, याची आम्हांला विशेष उत्सुकता आहे. आपल्या वर्गात निघालेल्या खुणांची चित्रे आणि चिंचोके व ज्वारीची निरीक्षणे मासिकाच्या पत्त्यावर अवश्य पाठवावीत.